नाव नसलेली शैली

चौकशी समितीच्या कार्यालयात तिला सगळे मांडणीताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नव्हती. दुसऱ्यांनी टाइप केलेला मजकूर नीट मांडणं हे तिचं काम. समास, मथळे, अक्षरांचा आकार, पानांचे आकडे. कुणी एखाद्या ओळीत अर्ध्या पॉइंटनं अक्षर वाढवलं असलं, तरी ते मांडणीताईला दारातूनच दिसतं, अशी तिची थट्टा व्हायची. ती थट्टा फारशी खोटी नव्हती.

जुन्या टपाल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर समितीला तीन खोल्या दिल्या होत्या. हिरवट भिंती, लोखंडी कपाटं, खिडकीखाली सायकली लावायची जागा. पहिल्या खोलीत सचिवसाहेब, मधल्या खोलीत ती, आणि शेवटच्या खोलीत टेपकाका. साक्षींच्या ध्वनिफिती ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचं काम त्यांच्याकडे होतं. साठीला टेकलेले, कानांवर कायम हेडफोन, पायाखाली फीत थांबवायचं पायडल. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ देणार.

समिती नेमली होती ती फेरीबोटीच्या अपघातासाठी. दोन किनाऱ्यांमध्ये दिवसाला सहा फेऱ्या मारणारी ती बोट एका सकाळी, लख्ख उन्हात, पाण्याच्या ऐन मध्यावर कलंडली आणि वीस मिनिटांत दिसेनाशी झाली. एकतीस माणसं गेली. एकतीस देह सापडले, एकतीस घरांना कळवलं गेलं. बोटीवर कोण कोण चढलं याची नोंद मात्र कधीच ठेवली जात नसे. बोट इतकी खोल गेली होती की ती वर काढणं शक्य नाही, असं पाणबुड्यांच्या प्रमुखानं लिहून दिलं. वरच्या डेकवरचे बहुतेक लोक वाचले. खालचं दालन रंगकामासाठी बंद होतं, त्यामुळे तिथं कुणीही नव्हतं. हे शेवटचं वाक्य अहवालात चार ठिकाणी होतं.

त्रेसष्ट साक्षी, सातशे बारा पानं. गुरुवारी अहवाल छापायला जायचा होता. हे काम निर्वेध पार पडलं, तर मांडणीताईला नोंदणी खात्यात कायमची नोकरी मिळणार होती. सचिवसाहेबांनी तसा शब्द दिला होता.

सोमवारी सकाळी तिनं शेवटचा हात फिरवायला घेतला. इतक्या मोठ्या मजकुरात एकेक ओळ बदलत बसलं तर जन्म जाईल. त्यासाठी एक सोय असते. एखाद्या ओळीवर कर्सर ठेवायचा आणि संगणकाला सांगायचं, याच शैलीतला सगळा मजकूर निवड. सातशे पानांत विखुरलेल्या तशा सगळ्या ओळी क्षणात राखाडी होतात. मग एकदाच बदल करायचा, तो सगळीकडे होतो. साक्षींच्या मजकुराला तिनं ‘साक्ष’ नावाचीच शैली दिली होती. तिनं ती निवडली. पानंच्या पानं राखाडी झाली.

एकेचाळिसाव्या पानावर एक शब्द पांढराच राहिला होता. ‘दार’.

तिनं त्यावर कर्सर नेला. अक्षर तेच, आकार तोच, काळा रंगही तोच. फक्त शैलीच्या चौकटीत नाव नव्हतं. मग तिनं बाजूची यादी उघडली. ‘तळटीप’ आणि ‘साक्ष’ यांच्यामध्ये एक ओळ कोरी होती. कोऱ्या ओळीवर टिचकी मारल्यावर संगणकानं विचारलं, सर्व निवडायचं का? तेरा ठिकाणी.

नाव नसलेली शैली असूच शकत नाही. संगणक ती बनवूच देत नाही. पण दुसऱ्याच्या यंत्रावरून मजकूर आला की काहीबाही घाण येतेच, असं म्हणून तिनं ते तेरा तुकडे निवडले आणि कुठं काय बिघडलंय ते एका जागी दिसावं म्हणून कोऱ्या पानावर उतरवले. ते एकाखाली एक आले.

दार
उघडत
नाही
कडी
बाहेरून
आहे
आम्ही
सगळे
आत
आहोत
पाणी
गुडघ्याला
लागतंय

तिनं ते एकदा वाचलं. मग खुर्ची मागं सारून खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. परत येऊन तिनं प्रत्येक शब्दाचं पान शोधलं. तेरा शब्द, तेरा वेगवेगळे साक्षीदार. ‘कडी’ हा शब्द एका निवृत्त शिक्षिकेच्या साक्षीत होता: माझ्या पिशवीची कडी तुटली होती, म्हणून मी ती मांडीवर धरून बसले होते. ‘गुडघ्याला’ एका सुताराच्या साक्षीत, त्याच्या जुन्या दुखण्याबद्दल. दाराबद्दल, आत असण्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

टेपकाकांनी तिसऱ्या हाकेला हेडफोन उतरवला.

“काका, तुम्ही टाइप करताना मध्येच शैली बदलता का?”

“मला एकच शैली येते, ती म्हणजे घाई,” टेपकाका म्हणाले. “का गं?”

“तेरा शब्द वेगळे आलेत.”

त्यांनी काही विचारलं नाही. कुठले, असंही नाही. हेडफोन परत कानांवर चढवला. तिला ते जरा खटकलं, पण कामाचा डोंगर समोर होता. तिनं ते तेरा शब्द ‘साक्ष’ शैलीत घातले, यादीतली कोरी ओळ गेल्याची खात्री केली आणि घरी गेली.

मंगळवारी कोरी ओळ परत आली होती. पंधरा ठिकाणी. कालचे तेरा शब्द आपापल्या वाक्यांत मुकाट बसले होते. हे दुसरेच होते. तिनं तेही कोऱ्या पानावर उतरवून घेतले.

पाणी
छातीला
लागतंय
मुलांना
फळीवर
उभं
केलंय
वर
कोणीतरी
चालतंय
पावलं
ऐकू
येताहेत
कडी
काढा

ती विचार करत राहिली. कुणाची तरी खोडी असेल. पण खोडी करायला कार्यालयात माणसंच किती? रात्री खोलीला कुलूप, किल्ली सचिवसाहेबांच्या खिशात. आणि यंत्र बिघडलं तर ते वाटेल ते शब्द उचलील, ओळीनं वाक्य कसं उचलील?

ती शेवटच्या खोलीत गेली आणि या वेळी तिनं टेपकाकांचा हेडफोन स्वतःच्या हातानं उतरवला.

“मला त्या शिक्षिकाबाईंची फीत ऐकायचीय. पिशवीची कडी तुटली म्हणतात, तिथली.”

टेपकाकांनी पायडलवरचा पाय काढला. मग त्यांनी फीत शोधली आणि हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला.

बाईंचा आवाज किनरा, ठाम, वर्गाला सवय असलेला. माझ्या पिशवीची, असं त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द त्यांचा नव्हता. बाईचा आवाज नव्हता आणि पुरुषाचाही म्हणवत नव्हता. पुष्कळ माणसांनी एकाच तोंडानं बोलावं तसा होता, आणि फार जवळचा, माइकला ओठ टेकवल्यासारखा. शब्दाच्या शेवटी एक घोट गिळल्याचा आवाज होता. मग परत बाई, तुटली होती, म्हणून मी ती मांडीवर. मध्ये काही घडलंय याची त्यांना जाणीवही नव्हती.

तिनं हेडफोन काढला. टेपकाका भिंतीकडे बघत होते.

“तुम्हाला हे माहीत होतं.”

“पहिल्या फितीपासून,” ते म्हणाले. “आधी वाटलं, फीत खराब आहे. मग वाटलं, कान गेले. आता मी तो शब्द आला की नुसता टाइप करतो आणि पुढं जातो. तो शब्द टाइप करताना पडद्याकडे बघत नाही.”

“साहेबांना का नाही सांगितलं?”

“काय सांगू? शब्द तर साक्षीदारानं उच्चारलेलाच आहे ना.”

तिनं दोन्ही याद्यांचे कागद घेतले आणि सचिवसाहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेब वाईट माणूस नव्हते. कुणावर आवाज चढवत नसत, कागद दोन बोटांनी धरून शेवटपर्यंत वाचत. त्यांनी दोन्ही कागद वाचले, एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या.

“यातला एखादा शब्द साक्षीदारांनी न बोललेला आहे?”

“नाही, साहेब.”

“एखाद्या वाक्याचा अर्थ बदललाय?”

“नाही. पण हे सगळं एकत्र वाचलं की…”

“एकत्र कोण वाचणार आहे, मांडणीताई?” ते शांतपणे म्हणाले. “शब्द साक्षीदारांचे. शैली आपली. आपली चूक आपण दुरुस्त करायची. परवा अहवाल छापायला जातोय.” त्यांनी कागद घडी घालून खणात टाकले. खण लावताना त्यांना तो दोनदा ढकलावा लागला.

बुधवारी दुपारी खलाशी आला. त्याची साक्ष तेवढी सहीची राहिली होती. टाइप केलेली साक्ष साक्षीदारानं मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक पानावर सही करायची, असा नियम होता. पन्नाशीचा, रापलेला, उंच माणूस. टोपी मांडीवर ठेवून तो खुर्चीच्या कडेवर बसला. एका बाजूला साहेब, एका बाजूला मांडणीताई, आणि उघड्या दारापलीकडच्या खोलीत टेपकाका.

तो बोटानं ओळ धरून, अडखळत वाचत होता. सुटण्याआधी मी नेहमीप्रमाणे दोरखंड तपासले. वारा बेताचा होता. रंगकाम अर्धं झालं होतं, म्हणून खालचं दालन बंद ठेवायचं ठरलं. मी बाहेरून

“कडी,” त्याच्या तोंडून तो आवाज म्हणाला.

“लावली,” खलाशी म्हणाला आणि पुढची ओळ वाचू लागला.

साहेबांचं पेन कागदावर थांबलं होतं. त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत होता. पलीकडच्या खोलीतलं टायपिंग बंद पडलं होतं.

खलाशानं मान वर केली. “काय झालं? चुकलं का काही?”

“नाही. वाचा,” साहेब म्हणाले.

खलाशानं वाचलं. खालचं दालन, असं तो म्हणाला, आणि “रिकामं” हा शब्द त्या दुसऱ्या आवाजात आला, इतका हळू की विचारल्यासारखा वाटला. मग खलाशाच्या स्वतःच्या आवाजात, होतं. त्यानं प्रत्येक पानावर सही केली.

जिन्यापर्यंत मांडणीताई त्याच्या मागून गेली.

“एक विचारू? तुम्ही कडी लावायच्या आधी आत बघितलं होतं?”

तो दोन पायऱ्या उतरला होता. तिथंच थांबला. “त्या सकाळी वर फार गर्दी होती, ताई. उभं राहायला जागा नव्हती. लोक जागा मिळेल तिथं घुसतात.”

“मग तुम्हाला काही ऐकू आलं का नंतर?”

“तिथं इंजिनचा आवाज असतो.” त्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. “मला कुणी हे विचारलंच नाही. तुम्हीच पहिल्या.” आणि तो भराभर खाली गेला.

ती येऊन खुर्चीत बसली. चार वाजले होते. खोलीत भरपूर उजेड होता. तिनं अहवाल उघडला.

दोनशे बारा ठिकाणी.

तिनं ते सगळे शब्द निवडले आणि उतरवले. कोऱ्या पानावर शब्दांची लांब रांग खाली खाली गेली. ती वाचायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण शेवट पडद्यावर समोरच होता.

पाणी
हनुवटीला
लागतंय
ताई
आता
कडी
तुमच्या
हातात
आहे

‘ताई’ हा शब्द कुठून आला ते तिला पान न बघता माहीत होतं. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या साक्षीत होता तो. माझी ताई माझ्या मागे होती, असं ती मुलगी म्हणाली होती.

ती हे शब्द घेऊन कुणाकडे तरी जाऊ शकली असती. समितीचे अध्यक्ष होते, वर्तमानपत्रं होती, पाणबुड्यांचा प्रमुख होता. खलाशी जिन्यात जे म्हणाला, ते तरी ती लिहून काढू शकली असती. हे सगळं तिच्या डोक्यात आलं. त्याबरोबर नोंदणी खात्यातलं खिडकीजवळचं टेबलही आलं, आणि घरी येऊन शांत झोपावं ही साधी इच्छाही आली. आणि मुख्य म्हणजे ती घाबरली होती. इतकी घाबरली होती की ते शब्द डोळ्यांसमोरून जावेत, एवढंच तिला हवं होतं.

तिनं अहवालात परत सर्व निवडलं. स्वरूपण, म्हणजे अक्षरांचं वेगळेपण, काढून टाका. शैली: साक्ष.

एक कळ दाबली.

कोरी ओळ यादीतून गेली. या वेळी ती परत आली नाही.

गुरुवारी अहवाल छापायला गेला. खालच्या दालनाचं वाक्य त्यात चारही ठिकाणी होतं. कार्यालय आवरलं, कपाटं हलवली. टेपकाकांनी निरोपाला थांबायचं टाळलं. महिनाभरात तिला कायमच्या नोकरीचं पत्र आलं आणि तिच्या नवऱ्यानं ते दोनदा वाचून, होती तशीच घडी घालून तिच्या हाती दिलं. ती झोपतही होती. नीट झोपत होती, हेच तिला पुढं सर्वांत जास्त टोचलं.

मग एका संध्याकाळी औषधाच्या दुकानात दुकानदार तिला म्हणाला, “ही गोळी जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्या.”

‘पाण्याबरोबर’ तो म्हणाला नव्हता.

त्याचे ओठ हलले होते, शब्द त्याच्याच तोंडून आला होता, आणि शेवटी तो घोट गिळल्याचा आवाज होता. दुकानदार हसून सुटे पैसे मोजत होता. मागं उभ्या असलेल्या बाईनं मान वर करून इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

दोन दिवसांनी बसचा वाहक म्हणाला, “सरका, आत जागा आहे.” त्यातला ‘आत’. तिच्या मुलीच्या शाळेत बाई म्हणाल्या, “हिनं सगळे प्रश्न सोडवले.” त्यातला ‘सगळे’. कुणालाही स्वतःच्या तोंडून आलेला तो आवाज ऐकू येत नव्हता.

तिनं टेपकाकांच्या घरी फोन केला. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. “ते कानांत कापूस घालून बसतात,” ती म्हणाली. “माझ्याशीसुद्धा खुणांनी बोलतात. तुम्ही कार्यालयातल्या का? काय झालं होतं हो तिथं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती सचिवसाहेबांच्या नव्या कचेरीत गेली. खलाशी काय म्हणाला ते सांगितलं, मी लेखी देते म्हणाली. कळ दाबल्याचंही सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते बारीक झाले होते. मग ते बोलू लागले.

“अहवाल स्वीकारला गेलाय. आता त्यात काना-मात्रेचाही बदल होणार नाही.”

यातला ‘काना-मात्रेचाही’ तेवढा त्यांचा होता.

बाकीचे सगळे शब्द त्या आवाजात होते. साहेब बोलून झाल्यावर तिच्याकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघणाऱ्या भल्या माणसासारखे. ती उठली आणि खुर्चीला धडकत बाहेर आली.

घरी येऊन तिनं मोबाइलवर स्वतःचा आवाज घेतला. वर्तमानपत्रातला उतारा वाचला आणि परत ऐकला. आवाज तिचाच होता. तिनं तीनदा ऐकला. मग तिला खलाशाचा चेहरा आठवला, चुकलं का काही असं विचारताना होता तसा, आणि तिनं मोबाइल बंद करून ठेवला.

त्यानंतर तिनं बोलणं कमी केलं. नवऱ्याला वाटलं, नव्या नोकरीचा ताण असेल. तो दिवसभर घराबाहेर असे आणि रात्री दमून येई. त्याच्या चार वाक्यांना तिची दोन अक्षरं पुरत. पण सकाळी मुलीला शाळेत धाडायचं म्हणजे बोलावंच लागतं.

त्या शुक्रवारी मुलगी दाराजवळ बसून बूट घालत होती. बाहेर ऊन पडलं होतं. मांडणीताईनं दप्तर उचलून दिलं आणि रोजचंच बोलली, डबा घेतलास ना, बाईंना चिठ्ठी दे, येताना रस्ता बघून ओलांड.

मुलीचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. ती आईकडे बघत राहिली.

“काय गं?”

मुलीनं नाडी सोडून दिली.

मांडणीताई मुलीसमोर खाली बसली आणि शक्य तितक्या हळू म्हणाली, “घाबरू नकोस. मला फक्त सांग. कुठला शब्द?”

मुलीनं दप्तर पोटाशी धरलं.

“सगळेच,” ती म्हणाली, आणि एकाच पायात बूट घातलेली ती बसल्या बसल्या मागं सरकत भिंतीला जाऊन टेकली.